तूच ठरव

आरशावर वाफ धरली होती. नाण्याएवढा गोल आरसा, लांब दांडीचा, आणि त्यात वरच्या ओळीतली शेवटची दाढ — मागल्या अंगाने, उलटी, जशी ती तिच्या मालकाने उभ्या आयुष्यात पाहिली नसणार — प्रत्येक श्वासासरशी धुरकट होत होती आणि पुन्हा दिसत होती. रोझानने आरसा हेबर्ले सरांच्या गालाला आतून टेकवून पुसला. हिरडीच्या कडेने किटणाची पिवळी रेघ. सहा महिन्यांत एवढं धरतं म्हणजे ह्या बाजूला ब्रश पोचतच नाही. विचारलं तर सांगणार, दोन वेळा, न चुकता. एकतीस वर्षं ती ह्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करत होती. तोंड सांगतं काय आणि तोंडात दिसतं काय, ह्याचं तिला नवल राहिलं नव्हतं. पण मघाशी खुर्ची मागे कलती करताना हेबर्ले सर जे बोलले होते, ते तिच्या बोटांत जाऊन बसलं होतं.

"उद्या मतदान, संपतंय एकदाचं," ते म्हणाले होते. "टीव्ही लावायची सोय राहिली नाही. दाराची घंटी मी काढूनच टाकली. येतो तो विचारतो, तुमचं मत कोणाला. मी आपलं खरं ते सांगतो, अजून ठरलं नाही."

आणि हसले होते. ते हसू तिला ओळखीचं होतं; गेले दोन महिने ती ते टीव्हीवर बघत होती. कुठल्यातरी गावातल्या सभागृहात अर्धगोलात मांडलेल्या खुर्च्या, त्यांवर दहा-बारा माणसं, आणि समोर न्यूयॉर्कहून आलेला एक वार्ताहर त्यांना अगदी हलक्या आवाजात विचारतोय, आजारी माणसाला विचारावं तसं — तुमचं मन कुठे अडलंय? आणि ती माणसं हसतायत. जणू न ठरणं ही त्यांनी खस्ता खाऊन मिळवलेली गोष्ट आहे. जणू बाकीच्या आम्हां कोट्यवधींनी घाई केली, उथळपणा केला, आणि हे बारा जण तेवढे बसलेत अजून, तागडी हातात धरून... काय तोलताय? दोन वर्षं दोन्ही पक्ष तुमच्या डोळ्यांसमोर बोलतायत, ओरडतायत, खोटं बोलतायत, एकाचं खोटं किती वजनाचं आणि दुसऱ्याचं किती हे शेंबड्या पोरालाही सांगता येईल — आता आदल्या दिवशी दुपारी तुम्हाला कुठली नवी माहिती मिळायची राहिली आहे?

तिने आकडी दाढेच्या मुळाशी घातली आणि खरवडायला सुरुवात केली.

हेबर्ले सरांनी तिला नववीत विज्ञान शिकवलं होतं. आता ते अठ्ठ्याहत्तरचे होते, बायको गेलेली, दर सहा महिन्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि तिच्याकडेच वेळ मागायचे. तिलाही ते आवडायचे, आज सकाळपर्यंत. मास्तर, निरीक्षणं लिहा म्हणायचे, मग निष्कर्ष लिहा. आणि दुसरंही एक म्हणायचे. ते आठवलं तशी तिने लाळ ओढणारी नळी बाजूला घेतली.

"सर, तुम्ही कोऱ्या पानाला शून्य द्यायचात. आठवतं? चुकलेल्या उत्तराला निम्मे गुण, कोऱ्या पानाला शून्य. काहीतरी लिहा म्हणायचात."

त्यांनी चूळ भरली, सावकाश, कागदी रुमालाने ओठ टिपले. "म्हणायचो खरं."

"मग?"

"त्या पेपरांची उत्तरं माझ्या खणात असायची, रोझान."

आणि पुन्हा तेच हसू, आणि आ करून ते मागे टेकले. वा. चांगलं बोललात. हे आता ते कॉफीच्या दुकानात मित्रांना सांगतील... तिचा अंगठा आकडीच्या दांडीवर पांढरा झाला होता. तिला दिसत होतं ते. ती थांबली मात्र नाही. ह्या माणसाने निळा कागद लिंबाच्या रसात बुडवून दाखवला होता, हात वर धरून, बघा, लाल झाला की नाही, मागच्या बाकावरून दिसतोय ना सगळ्यांना? आणि हाच माणूस आता —

हेबर्ले सरांचा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला गेला. हिरडीतून रक्त आलं होतं, किटणाबरोबर येतं त्याहून जास्त.

"जरा हळू," ते म्हणाले, नळीच्या बाजूने.

"माफ करा सर. इथे जरा घट्ट बसलंय." खोटं होतं. किटण केव्हाच निघालं होतं.

तिने कापूस दाबून धरला. आपला हात तिला क्षणभर परका वाटला, आणि मग त्याचाही राग आला — की ह्या माणसापायी मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला मुद्दाम दुखवलं. म्हणजे मुद्दाम नाही. पण चुकूनही नाही. दवाखान्यातल्या चहापाण्याच्या खोलीत डॉक्टरांनी कागद लावला होता: पेशंटशी तीन विषय बोलायचे नाहीत — देव, राजकारण, आणि आधीच्या दातवाल्याने केलेलं काम. त्याच्याखाली ट्रीनाने, बाहेर स्वागताच्या टेबलाशी बसणाऱ्या पोरीने, पेनने लिहिलं होतं: मग हवामान बोला, वारं आहेच.

वारं होतंच. दुपारच्या सुट्टीत रोझान मागच्या दाराने बाहेर पडली तेव्हा तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याने दार तिच्या हातातून ओढून भिंतीवर आपटलं. ती गाडीत जाऊन बसली आणि पेपरोनीच्या मांसाचे तुकडे भरलेले दोन पाव मांडीवर उघडले. रस्त्यापलीकडच्या प्रत्येक अंगणात पाट्या रोवलेल्या, दोन्ही पक्षांच्या, निळ्या, लाल, वाऱ्याने वाकलेल्या. ह्या ईरी गावात पाट्या कमी पडल्या असं कधी झालं नाही, पण ह्या वर्षी तर माणसांपेक्षा पाट्या जास्त. सगळे म्हणत होते, देश पेनसिल्व्हेनियावर ठरणार आणि पेनसिल्व्हेनिया ह्या गावासारख्या गावांवर. म्हणजे हेबर्ले सरांवर. म्हणजे...

तिच्या घरासमोरच्या डेलच्या अंगणात पलंगपोसाएवढा झेंडा होता, दुसऱ्या बाजूचा. त्याच्यावर तिला नीट रागावता येत असे. सकाळी गाडी काढताना ती त्या झेंड्याकडे बघून जे पुटपुटायची ते तिच्या पाद्र्याला ऐकवण्याजोगं नव्हतं; आणि हाच डेल बर्फ पडला की न सांगता आपलं यंत्र घेऊन यायचा आणि त्यांच्या गाडीची वाट साफ करून जायचा, आणि ती त्याला नाताळात बिस्किटांचा डबा द्यायची. ह्यात तिला काही अवघड वाटत नव्हतं. डेल चुकला होता, पण तो कुठेतरी उभा होता. त्याच्याशी भांडता येत होतं. जो कुठेच उभा नाही त्याला धरायचं कुठे?

फोन वाजला. केल्सी. मुलगी तिकडे दक्षिणेत राहायची, दहा तासांच्या रस्त्यावर, नवऱ्याच्या नोकरीपायी.

"जेवतेस ना? दोन मिनिटं बोलू?"

"बोल गं."

"बाबांनी पाठवलं का?"

"काय?" असं विचारलं तिने, पण तिला माहीत होतं काय. नवऱ्याच्या, नॉर्बच्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबरात होती म्हणून त्याने घरी मतपत्रिका मागवली होती. तीन आठवडे ते पाकीट टोस्टरला टेकून उभं होतं.

"काल रात्री त्यांचा फोन आला होता," केल्सी म्हणाली. "मला म्हणाले, तू सांग कोणाला देऊ. तू सांगशील त्याला देतो."

रोझानने पाव खाली ठेवला. "मग सांगितलंस ना?"

"नाही."

"का नाही?"

"मी सांगायचं? आई, ते होते तिथे. त्यांनी बघितलंय मला. त्यानंतरही त्यांना जर माझ्याकडून ऐकायचं असेल, तर... राहू दे. मला नाही बोलवत. तूच बघ काय ते."

तूच बघ. फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली, आणि जे ती रोज बाजूला सारायची ते गाडीच्या बंद काचांत भरून आलं. मार्च महिना, दीड वर्षापूर्वीचा. केल्सीला पाचवा लागला होता. पाणी गेलं, बाळ जगणार नाही हे पहिल्या तासाला सगळ्यांना कळलं होतं, डॉक्टरला, नर्सला, केल्सीला — आणि तरी तिला हात लावायला कोणी तयार नव्हतं, कारण बाळाचे ठोके चालू होते आणि तिथला गर्भपातबंदीचा कायदा, डेलच्या बाजूच्यांनी आणलेला, नवा होता. वकिलांना विचारतोय, म्हणाले. वरच्यांशी बोलतोय. एकोणीस तास. दर वेळी दार उघडून कोणीतरी यायचं आणि सांगायचं, अजून काही ठरलेलं नाही. हे शब्द. हेच. ताप एकशेचारवर गेला तेव्हा ठरलं.

आणि नॉर्ब होता तिथे. फोन आल्यावर त्याने गाडी काढली ती दहा तास थांबवली नाही. मी शेजारी बसले होते, मला लघवीला थांब म्हणायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी केल्सीचे घामाने चिकटलेले केस त्याने खाटेवरच बादलीत धुतले, आपल्या त्या इंजिनांच्या कारखान्यातल्या जाड बोटांनी, एक एक बट सोडवून, तासभर. मी दारात उभी राहून बघत होते. असा माणूस. त्याला जर कोणी विचारलं असतं की ह्या मुलीसाठी जीव देतोस का, तर तो चपला घालायला थांबला नसता. त्याला विचारलं होतं फक्त मत. मतपत्रिकेवरचा एक लंबगोल काळा करायचा होता.

दुपारचे पेशंट तिने कसे उरकले ते तिला सांगता आलं नसतं. तीनच्या पेशंटाने, छपरं घालणारा तरुण माणूस होता, आपणहून सांगितलं की तो उद्या आत गेल्यावर बघणार, ज्याचं नाव आधी दिसेल त्याला ठोकणार. रोझानने त्याला आ करायला सांगितलं आणि पुढची चाळीस मिनिटं तोंड मिटू दिलं नाही.

पाचलाच अंधार झाला होता. हिवाळ्यासाठी कालच सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे केली होती, आणि हा पहिला आठवडा दर वर्षी तिला दिवसाढवळ्या फसवल्यासारखा वाटायचा. घरी येताना ती मनातल्या मनात बोलत होती. आज सांगायचंच. शांतपणे सांगायचं. नॉर्ब, उद्या रात्री आठपर्यंत ते पाकीट निवडणूक कचेरीत पोचलं पाहिजे, नाहीतर ते रद्दी आहे. नॉर्ब, तुझी मुलगी. नॉर्ब, तुला मी कधी काही मागितलंय का... मागितलंय, ढीगभर. शांतपणे. सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई तिच्याकडे बघत होती, तेव्हा तिला कळलं की आपण मोठ्याने बोलतोय.

स्वयंपाकघरात सुपाचा वास होता. नॉर्ब ऑपरेशनचा पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून टेबलाशी बसला होता, काठी मांडीवर आडवी. शेजारी बटाट्याच्या सालींचा ढीग. आणि त्याच्यासमोर, टोस्टरपासून काढून, उघडून, घड्या हाताने सपाट करून, मतपत्रिका. बाजूला आतलं पिवळं पाकीट, बाहेरचं पांढरं, आणि काळं पेन. सगळं नीट मांडलेलं. कारखान्यात कामाला लागण्याआधी तो हत्यारं अशीच मांडायचा.

तिने कोट न काढता विचारलं, "भरलंस?"

"बस ना आधी."

"भरलंस का, नॉर्ब?"

"सकाळपासून वाचतोय." त्याने कपाळ चोळलं. "बघ. तिकडून आमच्या कारखान्याचं नाव तरी घेतात. चारशे माणसं घरी बसली, रोझान. आपला जो फेल्कर, आपला कार्ल, सगळे. तुझी माणसं आली का कधी फाटकावर? एकदा तरी? आणि तिकडून येतात, खोटं का होईना, तोंडावर सांगतात की परत आणू. आता मी केल्सीचा विचार केला की वाटतं, हात झडला तरी तिकडे खूण करणार नाही. आणि मग तो फेल्कर डोळ्यांसमोर येतो. त्याने घर विकलं. मग मी म्हणतो, मी कोण मोठा लागून गेलो की —"

"ते लोक परत आणणार नाहीत काही. तुला माहितीये."

"माहितीये."

"मग?"

त्याने कागद तिच्याकडे सरकवला. पेन त्यावर आडवं ठेवलं, टोक तिच्याकडे नाही, आपल्याकडे करून, सभ्यपणे.

"तूच भर," तो म्हणाला. "मी सही करतो. तुला कळतं ह्यातलं. तूच ठरव."

दिवसभर हेच हवं होतं. तीन आठवडे हवं होतं. एक मत, ह्या राज्यातलं, जिथे काही हजारांवर सगळं फिरतं असं म्हणतात. केल्सीसाठी हवं होतं आणि ते टेबलावरून सरकत तिच्यापाशी आलं होतं, न भांडता. रोझानला वाटलं आपल्याला सुटल्यासारखं होईल. त्याऐवजी डोक्यात काहीतरी पांढरंफटक झालं आणि तिने खुर्चीची पाठ धरली.

तुला कळतं ह्यातलं. हे वाक्य तिने ऐकलं होतं, ह्याच आवाजात. नऊ वर्षांपूर्वी. नॉर्बच्या आईला झटका आला, अकरा दिवस ती यंत्राच्या श्वासावर होती, आणि बाराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना बाजूच्या खोलीत बसवून विचारलं की आता काय करायचं. असा निर्णय कोणी घ्यायचा त्या कागदावर म्हातारीने पहिलं नाव मुलाचं घातलं होतं, त्याच्या खाली माझं. नॉर्ब म्हणाला, रोझानला विचारा, तिला कळतं ह्यातलं. आणि उठून बाहेर गेला. मला दातांतलं कळतं. मी त्या बाईंना ते सांगितलंसुद्धा, त्यांना वाटलं मी थट्टा करते. काचेतून दिसत होता तो, कॉफीच्या यंत्रासमोर उभा, पाठमोरा, हातात कप नाही, कॉफी नको होतीच त्याला... यंत्र बंद करायची सही मी केली. अंत्ययात्रेच्या दिवशी त्याची बहीण, पॉलेट, ॲरिझोनाहून आली. चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांच्या देखत तिने विचारलं, सही कोणी केली? आणि मग म्हणाली, परकीच्या हाताने गेली माझी आई. नॉर्ब बाजूलाच होता. माझा कोट धरून उभा होता, मी बाही घालावी म्हणून. त्याने कोट खाली केला नाही आणि तोंड उघडलं नाही. पॉलेट त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. तिची कार्डं येतात, त्याच्या एकट्याच्या नावाने.

हे ते दोघं नऊ वर्षांत कधी बोलले नव्हते. आणि आता ती ऐकत होती, तिचा आवाज म्हणत होता, "आईच्या वेळेलाही असंच म्हणालास."

नॉर्बने मान वर केली.

"हेच म्हणालास. तुला कळतं ह्यातलं. आणि जाऊन उभा राहिलास बाहेर."

सुपाच्या भांड्याचं झाकण वाफेने खडखडत होतं. तो काही उठून ते कमी करणार नव्हता आणि तीही नाही.

"तू बरोबर केलंस," तो शेवटी म्हणाला.

"मग पॉलेटला का नाही सांगितलंस? तिथे पायऱ्यांवर. तेवढंच एक वाक्य. नऊ वर्षांत कधीही, फोनवर."

"कारण मला माहीत नव्हतं." त्याने पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "बरोबर होतं की नाही. अजून नाही माहीत, खरं सांगू? रात्री कधी वाटतं, आणखी चार दिवस थांबलो असतो तर. पण मग मी म्हणतो, रोझानला खात्री होती. घरात एकाला तरी असते, म्हणून चाललंय आपलं."

"मला?"

"तुला असते. नेहमीच."

तिला हसू आलं. पण बाहेर आलं ते वेगळंच काहीतरी होतं. "नॉर्ब, मला काही खात्री नव्हती. मी सही केली आणि त्यांच्या संडासात जाऊन ओकले. परत येऊन कागद फाडा म्हणणार होते. तोवर त्यांनी..." ती थांबली. "कोणीतरी करायला हवी होती. तू गेलास बाहेर. मग कोण राहिलं खोलीत?"

तो तिच्याकडे बघत होता, जसा तो केल्सीकडे बघायचा ती लहानपणी तापात बरळायला लागली की. हे त्याला नवीन होतं. नऊ वर्षं तो एका खात्रीला टेकून झोपला होता, आणि ती खात्री त्याच्या शेजारी जागी असायची, छताकडे बघत.

"मला नाही सांगितलंस कधी," तो म्हणाला.

"तू विचारलंस कधी?"

मग तो उठला. काठी टेकून, पाय ओढत, शेगडीपाशी गेला आणि झाकण काढून सूप ढवळायला लागला. पाठ तिच्याकडे. तिला समजेना की हा सुपासाठी उठला, की तिला एकटीला कागदापाशी ठेवायला.

ती बसली. कोट अंगावर तसाच. कागदावर नावं होती आणि प्रत्येक नावाच्या डावीकडे एक लंबगोल, तिच्या करंगळीच्या नखाएवढा. तीन सेकंदांचं काम. नॉर्ब सही करेल, तारीख घालेल, उद्या सकाळी दवाखान्यात जाताना ती पाकीट कचेरीतल्या पेटीत टाकेल, आणि केल्सीला फोन करून सांगेल, पाठवलं बाबांनी. केल्सी काही म्हणणार नाही, फक्त श्वास सोडेल. तो श्वास रोझानला ऐकू येत होता. त्या एकोणीस तासांसाठी ह्या देशात कोणीतरी काहीतरी करायलाच हवं होतं, आणि ती करू शकत होती ते हे एवढंच होतं, एक स्वतःचं मत आणि एक हे. असं नाकारायचा हक्क तरी आहे का मला? आपला मान राखायला मुलीच्या वाट्याचं सोडून द्यायचं?

आणि भरलं, तर तो पुन्हा बाहेर. पुन्हा काचेपलीकडे. काही वाईट झालं तर रोझानने केलं, चांगलं झालं तर रोझानला कळतं ह्यातलं. आणि उद्या फेल्कर विचारेल तेव्हा हा खांदे उडवून हसेल — ते हसू — आणि म्हणेल, बायकोला विचार.

त्यापेक्षा त्याने तिकडे भरावं. हा विचार आला आणि ती दचकली. भर, डेलसारखा भर, माझ्या तोंडावर भर, मग मी तुझ्याशी भांडेन, जन्मभर भांडेन, पण निदान तू ह्या खोलीत असशील... खरंच असं वाटतंय मला? केल्सीच्या समोर म्हणून दाखवशील हे? नाही. केल्सीच्या समोर नाही.

पेन तिच्या हातात होतं. कधी उचललं ते लक्षात नव्हतं. टोक एका लंबगोलाच्या वर धरलेलं, टेकलेलं नाही.

"नॉर्ब," ती म्हणाली. "इकडे बघ."

"सूप करपतंय."

"करपू दे. इकडे ये आणि बस. मी काही भरलं तरी तू बघत असताना भरणार."

ढवळणं थांबलं. त्याची पाठ रुंद, सदऱ्याच्या शिवणीतून एक दोरा सुटलेला. मग त्याने शेगडी बंद केली आणि वळला. काठी, पाय, काठी. खुर्ची ओढून तो बसला, तिच्या समोर नाही, शेजारी, गुडघा तिच्या गुडघ्याला लागेल इतका जवळ, आणि दोघं कागदाकडे बघत राहिले. त्याचा श्वास जोरात चालला होता, तेवढ्याशा चालण्याने.

तिला वाटलं होतं की तो बघायला लागला की सोपं होईल, एकदाचं इकडे किंवा तिकडे. तसं काही झालं नाही. राग होता तिथेच होता, सकाळचाच, हाताच्या बोटांत. पण तो आता नुसता त्याच्यावर धरून ठेवता येत नव्हता, सारखा सांडत होता, इस्पितळातल्या त्या खोलीच्या काचेपर्यंत, आणि काचेच्या आत बसून नऊ वर्षं गप्प राहिलेल्या बाईपर्यंत. पेन तिने खाली ठेवलं नाही, आणि पुढेही नेलं नाही.